बारकीचा उलटा कॅमेरा

दुकानदारानं काचेच्या काउंटरवर एकामागून एक कॅमेरे मांडले. आमची बारकी सगळ्यांकडे नुसती बघत राहिली, हात काही लावला नाही. मग म्हणाली, "सगळ्यांचं बटण उजवीकडेच आहे."

"उजवीकडेच असणार ना मॅडम. कॅमेरा म्हटला की तसाच येतो."

"डाव्या हाताचा नाही येत?"

दुकानदार हसला. एरवी कुणी हसलं तर माझं काही जात नाही, पण बारकीचा उजवा हात तेव्हा जॅकेटच्या खिशात होता आणि तो खिशात का असतो ते मला माहीत होतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती कटिंग मशीनवर होती. एका दुपारी मशीननं पुठ्ठ्याबरोबर तिची चार बोटंही कापली. अंगठा तेवढा वाचला. "हत्ती गेला, शेपूट राहिलं," असं तीच दवाखान्यात म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसले की असले विनोद माझ्यासमोर करायचे नाहीत.

बारकी माझी पाठची बहीण. आई गेल्यापासून माझ्याकडेच असते. आमची लाँड्री आहे, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. मी दिवसभर इस्त्री आणि तोंड दोन्ही चालवते आणि दोन्ही सारखीच तापलेली असतात, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. त्या तोंडामुळेच गिऱ्हाईक वेळेवर कपडे न्यायला येतं.

अपघातानंतर कारखान्यानं तिला गेटवर काम देऊ केलं. बसून काम, डोक्यावर पंखा. मला तर देव पावल्यासारखं झालं. बारकी म्हणाली, "नको."

"अगं नको काय? लोक असल्या कामासाठी जोडे झिजवतात."

"गेटवर दिवसभर आल्यागेल्याचं नाव लिहायचं. डाव्या हाताचं माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. आणि प्रत्येकजण माझ्या हाताकडे बघून चुकचुकणार. मी फोटो काढणार आहे ताई."

फोटो! कारखान्यात कुणाचा निरोपसमारंभ असला, कुणाला बाळ झालं, की मोबाइलवर फोटो काढायला बारकीलाच बोलवायचे, हे खरं. तिनं काढलेल्या फोटोत माणूस असतो त्यापेक्षा बरा दिसायचा, आणि खोटाही वाटायचा नाही. पण म्हणून काय तोच धंदा करायचा? मी दोन दिवस धुसफुसत होते. ती तिसऱ्या दिवशी जाऊन फोटोकाकांच्या स्टुडिओत बसायला लागली.

फोटोकाका म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे स्टुडिओवाले. गल्लीतल्या प्रत्येकाचा ओळखपत्रावरचा चेहरा त्यांनीच काढलेला. आता त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसराही अधू, फोटो धारदार आलाय की पुसट तेच त्यांना कळेना. भाचा मागं लागला होता की जागा मला द्या, मी मोबाइलची कव्हरं विकतो. काकांचा जीव त्यात नव्हता. बारकी महिनाभर रोज येऊन बसली, पडदे झटकले, प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं, तेव्हा एके दिवशी ते म्हणाले, "हे बघ पोरी. शाळेचं काम येतंय. सगळ्या वर्गांच्या पोरांचे ओळखपत्राचे फोटो, एका दिवसात. माझ्या डोळ्यांच्यानं ते आता होणार नाही. तू निभावलंस तर स्टुडिओ तू चालव. नाही निभावलंस तर भाचा आहेच, विकू दे त्याला कव्हरं."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

काकांचा स्वतःचा कॅमेरा म्हणजे वीट. बारकीला तो एका हातात पेलेना. "तुझा तुला घ्यावा लागेल," काका म्हणाले, "पण एक गोष्ट कानात घालून ठेव. कॅमेऱ्याच्या बॉडीवर भाळू नकोस. बॉडी दोन-चार वर्षांत म्हातारी होते, नवी आली की जुनीला कुणी विचारत नाही. लेन्स चांगली असली तर तुझ्यानंतरही कुणीतरी वापरेल. तेव्हा बॉडी वापरलेली घे आणि जे वाचेल ते लेन्समध्ये घाल. चेहरेच काढायचेत ना? मग दूरचं जवळ आणणारी तोफ नको. झूम नसलेली एकच लेन्स घे, चेहऱ्याची. ती अंधारातही बघते आणि वजनालाही हलकी."

म्हणून तर आम्ही त्या दुकानात उभ्या होतो. दुकानदारानं पहिल्यांदा काय करावं? सगळ्यात मोठं खोकं काढलं. कॅमेरा, दोन लेन्स, बॅग, तिपाई, साफ करायचं फडकं, सगळं एकत्र. "ऑफर आहे मॅडम, आजच्यापुरती."

"या दोन लेन्समधली चेहऱ्याला कुठली?" बारकीनं विचारलं.

"दोन्हीही चालतात."

"म्हणजे कुठलीच नाही," ती म्हणाली. "आणि तिपाई इतकी हलकी आहे की पंखा लावला तर पडेल. हे नको."

दुकानदाराचा चेहरा जरा उतरला. तेव्हा बारकीनं हात खिशातून काढला. काढावाच लागला, कॅमेरा हातात घेऊन बघायचा तर दुसरा काय उपाय? त्यानं हात बघितला आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. "मॅडम, मग... मोबाइलवरच काढा ना. आजकाल मोबाइलचे फोटोही छान येतात."

माझं डोकं फिरलं. "काय हो," मी म्हटलं, "तुमच्याकडे डाव्या हाताचा कॅमेरा नाही तो तुमचा दोष, आणि घरी जायचं आम्ही? चोराच्या उलट्या बोंबा!"

"ताई, थांब," बारकी म्हणाली. तिनं काउंटरवरचा एक कॅमेरा उचलला, लहानसा, आत आरसा नसल्यानं हलका, डाव्या हातात घेतला आणि सरळ उलटा केला. खालची बाजू वर, वरची खाली. आता पकडायची मूठ डावीकडे आली आणि बटण खालच्या बाजूला, बरोबर तिच्या डाव्या अंगठ्याखाली. उजव्या हाताचा तळवा आणि तो उरलेला अंगठा, त्यानं लेन्सला खालून आधार दिला. डोळा लावला. खट्.

"चित्र सरळच दिसतं ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतक्या महिन्यांत नव्हतं ते काहीतरी होतं. "आकडे तेवढे उलटे दिसतात. आकड्यांची होईल सवय."

दुकानदारानंही ते बघितलं. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. तो आत गेला आणि वापरलेल्या मालाच्या फळीवरून दोन कॅमेरे घेऊन आला. "हे बघा मग. हा जुन्या मॉडेलचा आहे, पण याचा मागचा स्क्रीन बाहेर फिरतो आणि स्क्रीनला बोट लावलं तरी फोटो निघतो. अंगठा दमला तर उपयोग होईल."

मग बारकी कामाला लागली. शर्ट घेताना मी कॉलर आतून बघते, शिवण ओढून बघते, तसंच तिनं केलं. आधी विचारलं, यानं आजवर किती फोटो काढलेत तो आकडा दाखवा. तो कॅमेऱ्यात लपलेला असतो म्हणे, गाडीच्या किलोमीटरसारखा. मग दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघितला, आत धूळ बसलीय का ते. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघितली, बुरशीचे धागे आहेत का ते. बॅटरीचं झाकण दहादा उघडलं, मिटलं. एकेक बटण दाबलं. आपलं मेमरी कार्ड बरोबर आणलं होतं, त्यावर फोटो घेतले आणि म्हणाली, "घरी कॉम्प्युटरवर बघते आणि उद्या येते. कुणी घेऊन गेलं तर गेलं."

"आणि ऑफर?" मी कोपरखळी मारली.

"ऑफर त्याच्या घरी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तोच कॅमेरा आणि चेहऱ्याची लेन्स घरी आली. दोन्हींना लागले ते पैसे तिला कारखान्याकडून मिळालेल्या भरपाईत बसले. अंथरूण पाहून पाय पसरलेन् पोरीनं. पट्टा तेवढा उलटा बांधावा लागला, कारण उलटा कॅमेरा गळ्यात घातला की त्याचं नाक छातीत घुसायचं.

आता कॅमेरा आला म्हणजे फोटो आले असं मला वाटत होतं. पहिला फोटो तिनं आमच्या दोघांचा काढला, माझा आणि आमच्या ह्यांचा, वरच्या खोलीत, भिंतीला टेकवून. कॅमेऱ्यावर बसवायचा छोटा फ्लॅश काकांनी दिला होता, तो लावला. फोटो बघितला आणि मी किंचाळलेच. हनुवटीवर उजेड, नाकपुड्या पांढऱ्याफटक, डोळ्यांच्या वर भिवयांच्या लांब काळ्या सावल्या. आमचे हे तर थडग्यातून उठून आल्यासारखे दिसत होते.

"तुम्ही तसेच दिसता हो," मी ह्यांना म्हटलं, "पण माझं काय झालंय?"

बारकी हसता हसता खाली बसली. मग कॅमेरा परत उचलून बघितला. तिच्या लक्षात आलं. कॅमेरा उलटा केला की फ्लॅशही उलटा, तो खालून वर मारतो. साधा कॅमेरा वापरणाऱ्या कुणाला आयुष्यात हा प्रश्न पडणार नाही. शाळेतली शंभर पोरं अशी भुतासारखी निघाली तर काका स्टुडिओ देतील? कव्हरंच विकली जातील तिथं.

ती तशीच उठून काकांकडे गेली, मीही मागोमाग. काका फोटो बघून पोट धरून हसले. "अगं, दिवा कॅमेऱ्यावर लावतो तो आळशी माणूस. दिवा माणसावर लावायचा. स्टँडवर, बाजूला, जरा वरून. कॅमेऱ्याला फक्त एक लहानशी चिमटी लाव, ती वायरशिवाय दिव्याला सांगते की आता पेट. ती चिमटी उलटी लटकली काय अन् सुलटी काय, तिला काय फरक पडतो?"

ती चिमटी घेतली. स्टँड आणि दिवा काकांचाच. पुढचे कितीतरी दिवस मी इस्त्री करत असताना माझ्या चेहऱ्यावर दिवा पेटायचा. गिऱ्हाईकं दचकायची. मी ओरडायचे, ती "हं, आता रागावलेली आलीस, अजून एक" म्हणायची. काकांनी तिला तिपाईचाही सल्ला दिला होता, की तिपाईवर कॅमेरा सरळ लावावा आणि वायरचं बटण डाव्या हातात धरावं, मग उलटंसुलटं काही नको. तिनं करून बघितलं. पण शाळेतली पोरं, एक एवढंसं, दुसरं तेवढं, दर पोरागणिक तिपाई खालीवर करायची, तिचे स्क्रू एका हातानं आवळायचे, सैल करायचे. एका दिवसात सगळी शाळा कशी व्हायची? "हातानंच काढीन," ती म्हणाली. पोटरीत गोळे येईपर्यंत उठबस करत, कॅमेरा डोळ्याला लावून सराव करायची.

मग सॉफ्टवेअर. मला तो शब्दही तेव्हाच कळला. आमच्या ह्यांच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप आला होता, तो इतका संथ की बारकी म्हणायची, हा जेवून झोपलाय. कॅमेरा उलटा, म्हणून कॉम्प्युटरवर सगळे फोटो उलटे लटकलेले. ते एकदम सुलटे करता यायला हवेत, एकेक नाही. सगळ्यांची डोकी एकाच मापात कापायला हवीत. एका पोराच्या चेहऱ्याचा रंग नीट केला की तोच सगळ्या वर्गाला लागायला हवा. जाहिरातीतलं एक मोठं सॉफ्टवेअर होतं, दर महिन्याला भाडं मागणारं. बारकीनं ते चालवून बघितलं तर लॅपटॉप पंख्यासारखा घरघरायला लागला.

"भाडेकरू नको आपल्याला," मी म्हटलं.

तिनं चार सॉफ्टवेअर फुकटच्या मुदतीत आणून बघितली, आमच्याच उलट्या फोटोंवर. आणि निवडलं कुठलं? ज्यात कुठल्याही कामाला हवी ती कळ लावता येते ते. बाकीच्यांत एक बोट कीबोर्डाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी केलेलं. तिनं सगळ्या कळा डाव्या बाजूला आणल्या. सुलटा कर, काप, रंग लाव, पुढचा. तिचा डावा हात त्यावर असा नाचायचा की माझी इस्त्री मागं पडावी.

कार्डाबद्दल काका डोळ्यात तेल घालून बसले होते, म्हणजे जे डोळे होते त्यात. "एक भलंमोठं कार्ड घेऊ नकोस. गेलं तर सगळी शाळा गेली. लहान लहान घे, दर वर्गाला वेगळं. आणि नवीन कार्ड घरी एकदा काठोकाठ भरून बघ, खोटी कार्डं मध्येच दम सोडतात. वर्ग झाला की लगेच लॅपटॉपवर, आणि तिथून दुसऱ्या डिस्कवर. एकाच जागी असलेला फोटो हा नसलेला फोटो समज."

घोडामैदान जवळच होतं. शाळेचा दिवस आला.

शाळेनं आम्हाला एक रिकामा वर्ग दिला. फळ्यासमोर राखाडी पडदा, त्यापुढं स्टूल, बाजूला काकांचा दिवा, शिक्षकांच्या टेबलावर लॅपटॉप. मी पोरांच्या कॉलरी सरळ करायला आणि केस विंचरायला. माझा जन्मच कॉलरी सरळ करण्यात गेला. काका आले नव्हते. "मी आलो तर तू माझ्याकडे बघत राहशील," म्हणाले, "संध्याकाळी दाखव."

पहिला वर्ग आला. बारकीनं लांब बाहीचा शर्ट घातला होता, बाही बोटांच्या जागेपर्यंत ओढलेली. एकेक पोर बसलं, खट्, उठलं. भराभर काम. वर्ग संपला, कार्ड लॅपटॉपात गेलं, फोटो सुलटे झाले आणि बारकी वाकून बघायला लागली. मग तिनं एक मोठा केला. दुसरा मोठा केला.

"ताई, नजर बघ."

उजेड सुंदर. चेहरे स्वच्छ. पण एकही पोर समोर बघत नव्हतं. सगळ्यांची नजर जराशी खाली, एकाच जागी. लेन्सच्या खाली, जिथं तिचा उजवा हात होता तिथं. बाही मागं सरकायची आणि पोरं बघायची.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिथंच होत्या. त्यांनीही बघितलं. आवाज मऊच ठेवला त्यांनी. "ओळखपत्रावर डोळे समोर लागतात हो. जमत नसेल तर तसं सांगा. मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला बोलावते. तुम्हाला त्रास नको."

त्यांचा शब्द तोलूनमापून होता. तो कॅमेरा, ते सॉफ्टवेअर, ते उठबस करून आलेले गोळे, सगळं आता एका बाहीवर येऊन अडलं होतं. मी बारकीला बाजूला ओढलं. "हातमोजा घाल. मी आणते कुठून तरी."

"हातमोज्यात चार रिकामी बोटं लोंबणार. मग तर बघायलाच नको."

"मग रुमाल गुंडाळ."

"ताई, मी लपवतेय म्हणून ती बघतायत." ती बाईंकडे वळली. "बाई, तो वर्ग परत बोलवा. दहा मिनिटं द्या मला. नाही जमलं तर मी सामान आवरते."

तुम्हाला सांगते, अपघातानंतर बारकीनं तो हात कुणाला नीट बघू दिला नव्हता. मलाही नाही. पट्टी बदलायचे दिवस संपले आणि ती स्वतःच सगळं करायला लागली, दार लावून. दुकानात दुकानदारासमोर काढला तेवढाच, तोही कॅमेऱ्याखाली लपवून. आणि आता पोरं परत येऊन खाली सतरंजीवर बसली, तर ही पडद्यासमोर उभी राहिली आणि बाही कोपरापर्यंत वर केली. मी मनात म्हटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण.

"हे बघा," ती म्हणाली.

पोरं माना उंचावून बघायला लागली. मग मागून एकजण म्हणाला, "बोटं कुठं गेली?"

"मशीनमध्ये."

"परत येणार का?"

"नाही. दातासारखं नसतं ते."

"मग जेवता कशानं?"

"डाव्या हातानं. आधी घास नाकात जायचा."

पोरं हसली. पुढं सरकली. कुणी तरी अंगठा हलवून दाखवा म्हणालं, तिनं हलवून दाखवला. एकाला तो अंगठा धरायचा होता, त्यानं धरला. बाईंनी मध्ये पडायला तोंड उघडलं होतं, मिटलं.

पुढच्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिनं एक बोट पुढं केलं, जिथं शिवण होती तिथं अगदी हळू टेकवलं आणि विचारलं, "दुखतं?"

बारकी थांबली. मी हातात कंगवा धरून तिच्या मागं उभी होते. उत्तर मला पाठ होतं. नाही गं, काही नाही. किती वेळा ऐकलं होतं मी ते.

"हो," बारकी म्हणाली. "रोज दुखतं. नाहीत ना, ती बोटं जास्त दुखतात."

"आणि फोटो काढताना?"

"तेव्हाही. पण तेव्हा मी दुसरीकडे बघत असते, तुमच्या डोळ्यांत. म्हणून चालतं." तिनं कॅमेरा उचलला, उलटा केला. "बघून झालं ना सगळं? मग आता तुम्हीही दुसरीकडे बघायचं. इथं, या काचेत. आत मी आहे."

पहिली बसली ती दोन वेण्यांचीच. थेट काचेत बघितलंन् तिनं. खट्.

त्यानंतर प्रत्येक वर्ग आला की आधी बाही वर. प्रत्येक वर्गाला तेच प्रश्न, तीच उत्तरं. "दुखतं का" हे प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी विचारायचंच, आणि ती दर वेळी "हो" म्हणायची. मी कॉलरी सरळ करत राहिले. माझे डोळे भरून येत होते आणि पोरं विचारत होती, या बाईंना काय झालंय? मी म्हटलं, दिव्यामुळे पाणी येतं, सरळ बस. शेवटची घंटा व्हायच्या आत शेवटचा वर्ग संपला. मोठ्या बाईंनी स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाल्या, शिक्षकांचेही काढाल का?

संध्याकाळी स्टुडिओत काका लॅपटॉपला नाक लावून बसले. एकेक चेहरा मोठा करायला लावला. कितीतरी वेळ नुसते "पुढं, पुढं" म्हणत होते. बारकी कळ दाबत होती, मी मागं उभी होते.

"हे पोरगं उलटं लटकतंय," काका म्हणाले.

"हात भरून आला तेव्हा ते एकच तिपाईवर काढलं होतं, सरळ कॅमेऱ्यानं," बारकी गडबडली. "सॉफ्टवेअरनं सगळ्यांबरोबर तेही फिरवलं. राहून गेलं माझ्याकडून." एक कळ दाबली, पोरगं सुलटं झालं.

काका मागं टेकले. चष्मा पुसला. "मला आता धारदार-पुसट कळत नाही पोरी. पण कुणी माझ्याकडे बघतंय की नाही ते अजून कळतं. ही सगळी शाळा माझ्याकडे बघतेय." मग मला म्हणाले, "भाच्याला कळवतो, कव्हरांसाठी दुसरी जागा बघ म्हणून." बारकी त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते म्हणाले, "ते राहू दे, उद्या पडदे धुवायला टाक, बहिणीची लाँड्री आहे ना?"

आम्ही दोघी गल्लीतून घरी निघालो. लॅपटॉपची पिशवी माझ्या खांद्यावर, कॅमेरा तिच्या गळ्यात, उलटा. मला राहवलं नाही.

"पोरांना सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"दुखतं ते. रोज दुखतं ते. मी सख्खी बहीण ना तुझी? एका घरात राहतो आपण!"

बारकी थांबली. "सांगितलं असतं, तर तू मला कॅमेरा हातात घेऊ दिला असतास?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्याती. पण मी खरंच विचार केला. ती कण्हत उठबस करतेय आणि मी बघतेय, असं डोळ्यांसमोर आणून बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "हिसकावून घेतला असता. घरात बसवून, भरवून भरवून जपलं असतं तुला. जन्मभर."

"म्हणून," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

मी तिच्या बरोबरीनं आले. "आत्ता दुखतंय?"

"हो."

"खूप?"

"खूप. ताई, उद्या स्टुडिओतला मोठा दिवा खिडकीकडून दाराकडे हलवायचाय. मला एकटीला नाही उचलणार. येशील?"

"येते," मी म्हटलं.